औषध वाळेपर्यंतची प्रार्थना

कातडी ही माणसाच्या देहाची वेस आहे, आणि वेशीवर पहारेकरी कोण उभा करायचा हे गावाने पूर्ण विचारांती ठरवलं पाहिजे, हे शस्त्रक्रियेच्या शास्त्रातलं मूलभूत सत्य आहे. सुरीच्या मागोमाग जंतू आत शिरू नयेत म्हणून कापण्याआधी कातडीला जंतुनाशक लावतात. याबाबत जगात कुठेही मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते कोणतं लावायचं याबाबत, आणि मतभेद आले की समिती येते. आमच्या आग्बोकोपेच्या इस्पितळात समिती आधी आली. मतभेद तिने नंतर मेहनतीने तयार केले.

समितीचं पूर्ण नाव 'शस्त्रक्रियापूर्व त्वचा-जंतुनाशक निवड व आनुषंगिक बाबी समिती' असं होतं. (आनुषंगिक बाबींमध्ये तळलेली मासळी आणि मक्याच्या पिठाचा वाफवलेला आबोलो येत असे.) अध्यक्ष डॉ. सेन्यो डोग्बात्से. ते इस्पितळातले एकमेव सर्जन असल्यामुळे समितीचे तज्ज्ञ सल्लागारही तेच, आणि बाहेरचं निष्पक्ष मत हवं म्हणून खास निमंत्रितही तेच. त्यांच्याखेरीज थिएटरच्या सिस्टर अकोफा आणि प्रशासक क्लुत्से साहेब. एवढ्या कमी माणसांत इतकी प्रदीर्घ चर्चा होऊ शकते, हे आमच्या जिल्ह्याला तोवर माहीत नव्हतं.

प्रश्न दोन बाटल्यांचा होता. एक तपकिरी, म्हणजे आयोडीनची. ती पाद्री लोकांच्या काळापासून इथे होती, चादरी डागाळायची, आणि तिच्या वासाने नातेवाइकांची खात्री पटायची की आत काहीतरी गंभीर चाललंय. दुसरी गुलाबी, स्पिरिटमधली. ती नवीन होती, महाग होती आणि तिच्यासोबत भिंतीवरचं घड्याळ फुकट मिळायचं. आमच्या काळ्या कातडीवर दोन्हींचा रंग सारखाच दिसतो, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. कुठे लागलं आणि कुठे राहिलं हे लावणाऱ्यालाच ठाऊक, आणि वर देवाला. त्यामुळे रंगावरून निकाल लागेना. तपकिरी पक्षाचं म्हणणं होतं की आमचे आजे-पणजे हिच्यावरच बरे झाले. गुलाबी पक्षाचं म्हणणं होतं की आजे-पणजे मेलेत.

दरम्यान इस्पितळाने 'जंतुमुक्त वर्ष' जाहीर करून टाकलं होतं. आमच्याकडे वर्ष जाहीर झालं की त्याचं कापड छापावं लागतं, आणि कापड छापलं की सगळ्यांनी त्याचे कपडे शिवावे लागतात. अख्ख्या इस्पितळाने सारखं कापड नेसल्याशिवाय जंतूंना तरी आपण गंभीर आहोत हे कसं कळणार? शिंप्याला वेळ लागतो म्हणून कापड निर्णयाच्या आधीच छापायला गेलं. दूरदृष्टी म्हणून त्यावर दोन्ही बाटल्या छापल्या, एकमेकींकडे पाठ करून. सिस्टर अकोफांनी आपला झगा असा बेतून घेतला की पुढून तपकिरी दिसावी आणि पाठून गुलाबी.

अखेर डॉक्टर सेन्योंनी शास्त्राचा मार्ग धरला. एक आठवडा तपकिरी, पुढचा आठवडा गुलाबी, असं सहा महिने चालवायचं आणि किती जखमा चिघळतात ते मोजायचं. बाकी सगळं तंतोतंत सारखं ठेवायचं, कारण बाकी काही बदललं तर दोष बाटलीचा की आणखी कशाचा ते कळणार नाही. या बाबतीत डॉक्टर फार काटेकोर होते. थिएटरची रीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दारावर चिकटवली होती.

ती रीत अशी. रुग्णाला टेबलावर घ्यावं. सिस्टरने निर्जंतुक मोजे घालून, चिमट्यात कापूस धरून, मधून बाहेर गोल गोल औषध लावावं. लावलेल्या जागेला कोणाचाही स्पर्श होऊ नये. मग औषध वाळेपर्यंत थांबावं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण ओलं औषध काम करत नाही, असं बाटलीवरच लिहिलेलं असतं. आता चार माणसं दिव्याखाली नुसती उभी राहून काय करणार? म्हणून तेवढ्या वेळात प्रार्थना. रुग्णांना ती हवीच असते. प्रार्थनेविना सुरी लावून घेणारा माणूस आग्बोकोपेत अजून जन्मायचा आहे. आणि आमच्याकडे प्रार्थना लांबून होत नाही. जिथे दुखतं तिथे हात ठेवावा लागतो. डॉक्टर बाहेरच्या ओसरीवर नातेवाइकांशी उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हस्तांदोलन करून आलेले असत. (एकालाही वगळलं तर तो सात पिढ्यांचा अपमान.) ते आत येत, आपला उजवा तळवा रुग्णाच्या पोटावर, जिथे कापायचं नेमकं तिथे ठेवत, डोळे मिटत आणि देवाला सांगत की या घरात शिरणाऱ्या प्रत्येक वाईट गोष्टीला दारातच अडव. मोजे घालून देवाशी बोलणं डॉक्टरांना उद्धटपणाचं वाटे. सिस्टर अकोफा डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून खणखणीत आवाजात आमेन म्हणत.

आणि मग डॉक्टर हात धुवायला जात. कोपरापर्यंत, नखांच्या खाली ब्रश घालून, पाच मिनिटं, घड्याळ लावून. त्यांच्याइतके स्वच्छ हात धुणारा सर्जन आमच्या प्रांतात नाही, हे वरिष्ठांनी दोनदा लेखी मान्य केलेलं आहे.

सहा महिन्यांनी निकाल आला. तपकिरी आठवड्यांत शंभरातल्या अकरा जखमा चिघळल्या. गुलाबी आठवड्यांतही शंभरातल्या अकराच. निष्कर्ष असा की दोन्ही औषधं सारखीच प्रभावी आहेत. (सारखीच निष्प्रभ आहेत, असंही त्याच आकड्यांवरून म्हणता आलं असतं, पण इतक्या निराश वाक्याला अहवालात जागा नव्हती.) मधला एक पंधरवडा तेवढा चमत्कारिक निघाला. डॉक्टर सेन्यो काकांच्या अंत्यविधीला गावी गेले होते, आणि बदली म्हणून एक क्यूबाचे दाढीवाले डॉक्टर आले होते. त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि आमच्या देवाशी त्यांची ओळख नव्हती, त्यामुळे औषध वाळेपर्यंत ते हात पाठीमागे बांधून घड्याळाकडे बघत उभे राहत. त्या पंधरवड्यात एकही जखम चिघळली नाही. समितीने यावर सखोल विचार केला. क्लुत्से साहेबांच्या मते रुग्ण दाढीला घाबरले असावेत आणि भीतीने रक्त शुद्ध होतं. शेवटी तो पंधरवडा अपवादात्मक म्हणून अभ्यासातून वगळण्यात आला.

मग अकरा टक्के लोकांच्या जखमा चिघळतात कशा? याचं उत्तर डॉक्टरांपाशी पूर्वीपासून तयार होतं. लोक घरी जाऊन काळजी घेत नाहीत. गामेली नावाचा सुतार होता. त्याच्या हर्नियाची जखम तीन महिने वाहत राहिली, हाती आलेलं शाळेच्या बाकांचं काम गेलं. डॉक्टरांनी त्याला सगळ्या वॉर्डादेखत झापलं होतं की तू नक्की टाक्यांवर पाणी घेतलंस, नाहीतर कुणीतरी सांगितलेला पाला बांधलास. गामेलीने मान खाली घालून कबूलही केलं. त्याने काही केलं नव्हतं, पण एवढा शिकलेला माणूस म्हणतोय त्या अर्थी केलं असेल, असं त्याला वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमच्याकडे अंगणही उठून माफी मागतं.

हे सगळं असंच सुरळीत चालू राहिलं असतं. पण मान्साआत्याचा हर्निया वाढला.

मान्साआत्या म्हणजे डॉक्टर सेन्योंच्या वडिलांची बहीण. बाजारात धुरावलेली मासळी विकायची. सेन्यो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून मेडिकल कॉलेजच्या फीपर्यंत सगळं या बाईने मासळीच्या टोपल्यांवर निभावलं. तिच्या बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा होता, तो आता नारळाएवढा झाला होता आणि अधूनमधून अडकायला लागला होता. एकदा अडकून राहिला तर आतडं सडलं असतं. ऑपरेशन टाळण्यासारखं राहिलं नव्हतं. आणि आत्याला साखर होती. साखर असलेल्या माणसाची जखम चिघळली की ती लवकर भरत नाही, कधीकधी भरतच नाही, हे डॉक्टरांना पुरतं माहीत होतं. आपल्याच अहवालात असे रुग्ण त्यांनी वेगळे काढून मोजले होते. त्यांच्यातल्या तिघांपैकी एकाची जखम चिघळली होती.

डॉक्टरांनी तिला परोपरीने सांगितलं की 'हो' नावाच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात जा, तिथे माझ्याहून चांगले सर्जन आहेत. आत्याने भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "मग तुला शिकवला कशाला? परक्यापुढे पोट उघडं टाकायला?" मासळीवाल्या बायकांनी माना डोलावल्या. विषय संपला.

त्या दिवसापासून डॉक्टरांचं जेवणात लक्ष लागेना. समोर भेंडीच्या रश्श्यासोबत ठेवलेलं मक्याच्या पिठाचं आक्पले निवून घट्ट व्हायचं आणि ते बाटल्यांचाच विचार करत बसायचे. आत्याला आपल्या हातून काही झालं तर? तपकिरी की गुलाबी? उलटसुलट वाचून झालं, फोनवरून मित्रांना विचारून झालं. शेवटी त्यांनी समितीची तातडीची बैठक बोलावली आणि अर्धंच वाक्य बोलले, "माझ्या आत्याचा प्रश्न आहे..." समिती हेलावली. ठराव झाला की विशेष बाब म्हणून सदर रुग्णास दोन्ही औषधं एकापाठोपाठ लावण्यात यावीत. त्यात एक तांत्रिक मुद्दा असा होता की दोन औषधं म्हणजे दोनदा वाळणं, आणि दोनदा वाळणं म्हणजे दुप्पट प्रार्थना. आत्यासाठी एवढं करायला कोणाचीच हरकत नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी अर्धा बाजार ओसरीवर येऊन बसला होता. मासळीवाल्या, मिरचीवाल्या, तेलवाल्या, आणि कुणाचा तरी बोकडही. डॉक्टरांनी उजवीकडून सुरुवात केली. प्रत्येकीचा हात हातात घेतला, तब्येत विचारली, मुलांची विचारली, आणि शेवटच्या म्हातारीने तर त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ सोडलाच नाही. मग ते आत आले.

आत्याला कमरेत भूल दिली होती, त्यामुळे छातीच्या खाली ती बधिर होती आणि छातीच्या वर नेहमीसारखीच. सिस्टर अकोफांनी आधी तपकिरी लावलं, ते वाळेपर्यंत पहिली प्रार्थना झाली, मग गुलाबी लावलं, इतक्या निगुतीने की रांगोळी काढतायत असं वाटावं. डॉक्टरांनी पुन्हा तळवा ठेवला, डोळे मिटले. अशी प्रार्थना त्यांनी आयुष्यात केली नव्हती. शब्द अडखळत होते, आवाज कापत होता. देवा, या बाईने मला वाढवलं, तिला माझ्या हातून इजा होऊ देऊ नकोस, म्हणत होते. आत्यालाही भरून आलं. सलाइन नसलेला हात उचलून तिने तो आपल्या पोटावर, भाच्याच्या हाताशेजारी ठेवला.

डॉक्टरांनी डोळे उघडले. प्रार्थना थांबली.

"आत्या, हात काढ. तिथे औषध लावलंय, हात लावायचा नाही."

आत्याने हात काढला नाही. तिने मान वर करून पोटाकडे पाहिलं. "मग हा शेजारचा हात कुणाचा?"

"तो माझा आहे."

"दिसतंय मला. औषधाच्या वर आहे की खाली?"

"आत्या, तो प्रार्थनेचा हात आहे."

"आणि माझा काय मासळीचा?" आत्या म्हणाली. "या सिस्टरने सकाळपासून तीनदा धुवायला लावलाय तो, साबण लावून. तू बाहेर बायकांना भेटून आलास, तो धुतलास का?"

सिस्टर अकोफांनी डॉक्टरांच्या खांद्यावरचा आपला हात हळूच काढून घेतला आणि छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी तळवा उचलला. औषधाचा रंग दिसत नसला तरी ओला थर दिव्याखाली चकाकत होता, आणि त्या चकाकीत पाच बोटं आणि एक तळवा स्वच्छ उमटला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे. पण कळसा तळहाताखाली असला तर शोधायला सहा महिन्यांचा अभ्यास, दोन बाटल्या आणि एक छापील कापड लागतं, हे नवीन होतं.

डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला. ते आत्याचा विचार करत नव्हते. त्यांना शंभरातले अकरा दिसत होते, एकेक करून, नावानिशी. मग ते इतकंच म्हणाले, "सिस्टर, पुन्हा पहिल्यापासून लावा." स्वतः भिंतीला पाठ लावून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. औषध वाळेपर्यंत कोणी हलेना.

"आणि प्रार्थना?" आत्याने विचारलं.

"इथूनच करतो."

"मोठ्याने कर मग. लांबून आहे."

जखम चिघळली नाही. टाके निघाले तेव्हा आत्याने ती सगळ्या बाजाराला दाखवली, ज्यांना पाहायची नव्हती त्यांनाही. श्रेय तिने भाच्याच्या हाताला दिलं. डॉक्टरांनी ते ऐकून मान खाली घातली, आणि लोकांना ती नम्रता वाटली.

पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी प्रस्ताव मांडला की प्रार्थना औषध लावण्याआधी व्हावी, आणि हात ठेवायचाच तर रुग्णाच्या कपाळावर ठेवावा. क्लुत्से साहेबांनी प्रस्ताव दोनदा वाचला आणि त्याला खर्च शून्य असल्याचं निदर्शनास आणलं. शून्य खर्चाच्या सुधारणेसाठी आपल्या हिशेबात खर्चाचं कोणतंही शीर्ष नाही, ते म्हणाले, आणि वरचे लोक विचारतील की मग सहा महिने काय केलंत? शिवाय वर्षाच्या कापडावर बाटल्या आहेत, हात नाही. सिस्टर अकोफांना वेगळीच काळजी होती. पोट दुखत असताना देवाला कपाळावरून कसं कळणार? शेवटी प्रस्ताव तत्त्वतः मान्य करून अभ्यासार्थ ठेवण्यात आला. डॉक्टरांनी मात्र त्याच दिवशी दारावरची रीत फाडून नवी चिकटवली. नियमबाह्य काम त्यांनी उभ्या नोकरीत केलं ते एवढंच.

मग ते गामेली सुताराच्या घरी गेले. जाताना बोलायचं सगळं पाठ केलं होतं. गामेलीने स्टूल पुसून पुढे केलं, पण ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले की गामेली, तुमची जखम तुमच्यामुळे चिघळली नव्हती. बहुधा माझ्या हातामुळे चिघळली. मी न धुता हात ठेवत होतो. वर तुम्हालाच बोललो. मला माफ करा.

गामेली घाबरला. डॉक्टर बरे नाहीत असं त्याला वाटलं.

"नाही हो डॉक्टर साहेब, असं काय बोलताय," तो म्हणाला. "मीच पाणी घेतलं असणार. तुम्हीच तर म्हणाला होतात."

"मी चुकीचं म्हणालो होतो."

"तुम्ही कसं चुकीचं म्हणाल?" गामेलीने समजूत घातली. मग सदरा वर केला, डॉक्टरांचा उजवा हात धरला आणि आपल्या जुन्या वणावर ठेवला. "आता आलाच आहात, तर थोडी प्रार्थना करा. गारठ्यात अजून ठणकतं."

डॉक्टर सेन्योंना त्या क्षणी काय वाटलं ते सांगण्याजोगं नाही. ते रडले, आणि गामेली आमेन म्हणाला.

तुम्ही म्हणाल, भाबडी माणसं. शिकलेल्या माणसापुढे तोंड उघडत नाहीत, वर त्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतात. मान्य आहे. अख्ख्या आग्बोकोपेत डॉक्टरांना 'हात धुतलास का' असं विचारणारी एकच बाई निघाली, आणि तिलाही ते जमलं ते तिने त्यांना लहानपणी न्हाऊ घातलं होतं म्हणून. तुमचं तसं नाही. तुम्ही जाणकार आहात, ही गोष्ट वाचताना तो हात तुम्हाला पहिल्याच पानावर दिसला आणि तुम्ही हसलात. आता तेवढं एक आठवून बघा. मागच्या खेपेला तुमच्या डॉक्टरांनी आधीच्या पेशंटला तपासलं, फोनवर बोलले, दाराची कडी सरकवली आणि तोच हात तुमच्या पोराच्या पोटावर ठेवला, तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होतात. पोराला तुम्ही म्हणालात, "हलू नकोस, डॉक्टरकाकांना नीट बघू दे."